बहिणीची वाक्यं

आमच्या पटकथेच्या वर्गात नियम एकच आणि तो कडक: ज्याच्या पानांवर चर्चा चालू आहे त्याने तोंड उघडायचं नाही. खुलासा नाही, समर्थन नाही, "मला असं म्हणायचं होतं" तर मुळीच नाही. थिएटरात एकेकाच्या कानाशी लागून सांगत बसणार आहात का, असं सर विचारायचे. सरांनी अकरा पटकथा लिहिल्या होत्या आणि त्यातल्या दोनच पडद्यावर आल्या होत्या, त्यामुळे गप्प बसण्याबद्दल ते अधिकाराने बोलत.

वर्ग शनिवारी सकाळी, एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर. आम्ही पाच जण: एक नर्स, औषधाच्या दुकानातली एक पोरगी, एक बँकेतला, एक निवृत्त बस कंडक्टर ज्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि मी. मी कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, मी त्यांवर मेणात दात बसवते. दिवसभर लोकांचे दात हातात असतात आणि लोक मात्र भेटत नाहीत. गेले सात महिने मला ते फार सोयीचं पडत होतं.

सात महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने जीव दिला. तो मंगळवार होता. आदल्या रविवारी तो माझ्याकडे येऊन गेला होता. मी रडले नाही. नातेवाईक आधी म्हणाले धक्का बसलाय, मग म्हणाले खंबीर आहे, मग म्हणायचे थांबले. आई थांबली नाही. शनिवारी मी वर्गातून थेट तिच्याकडे जेवायला जाते आणि पान वाढून झालं की ती विचारते, "तुला काही बोलला होता का गं?" मी नाही म्हणते. मग आम्ही जेवतो.

वर्गाच्या जाहिरातीत लिहिलं होतं, संवादाच्या खाली काय दडलंय ते वाचायला शिका. मला सिनेमा-बिनेमा काही लिहायचा नव्हता. मला तेवढंच शिकायचं होतं, म्हणजे आईला एकदा खरं काय ते सांगता आलं असतं.

शिकलेही बऱ्यापैकी. सर कुणाकुणाच्या पटकथा आणायचे आणि आम्ही त्या उसवत बसायचो. पात्र काय बोलतंय ते सोडा, त्याला हवंय काय ते लिहा. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे सर दर आठवड्याला सांगत आणि सांगताना माझ्याकडे बघून हसत. त्यांची आवडती युक्ती म्हणजे एका पात्राची वाक्यं कागदाने झाकायची आणि दुसऱ्याची तेवढी सलग वाचत जायची. माणूस आपोआप उघडा पडतो. मी घरी त्या रविवारच्या भावाच्या वाक्यांवर हे कितीदा तरी करून पाहिलं. हाती काही लागलं नाही. दहाव्या आठवड्यात मी तो रविवार जसाच्या तसा सहा पानांत उतरवला, पात्रांना नुसतं भाऊ आणि बहीण म्हटलं, आणि काल्पनिक आहे असं सांगून वर्गात वाटला. त्याने मला काही सांगितलं होतं की नाही, हे परक्या माणसांनी ठरवावं असं मला वाटलं.

नर्सने बहीण वाचली. भाऊ मास्तरांच्या वाट्याला आला आणि त्यांनी तो बसथांबे पुकारावेत तसा वाचला. भाऊ येतो. उसनी नेलेली शिडी परत आणतो. नळाचा वायसर बदलतो. आईच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात ते समजावून सांगतो. मला सायकल तूच शिकवलीस, म्हणतो. चहा दोनदा मागतो. मग जातो.

औषधवाली म्हणाली, दुसऱ्या पानावरच कळतं. बँकेतला म्हणाला, गोळ्यांपाशी माझ्या अंगावर काटा आला; तो निरोप घ्यायला आलाय हे शेंबडं पोरही सांगेल. मला माझं उत्तर मिळालं होतं. मी वहीत लिहिलं, पान दोन. अक्षर नेहमीसारखंच आलं. आत काही हललं नाही.

मग ते बहिणीकडे वळले. नर्सची तक्रार होती की ही वाचताना हाताला काही लागतच नाही, इतकी ढिम्म बाई असते का कुठे. बँकेतल्याने सुचवलं की बहीण काढूनच टाका, तिच्या जागी मित्र घ्या. सरांनी सगळ्यांना थांबवलं. भावाची वाक्यं झाका, म्हणाले, आणि हिची तेवढी वाचा. नर्सने कागद ठेवून वाचायला घेतलं.

"आलास का, आधी फोन करायचास ना. राहू दे रे, प्लंबर करेल. पाच वाजले वाटतं. पुन्हा चहा? सहाची बस चुकेल हं. बरं, पोचलास की कळव."

नर्सने कागद बाजूला केला.

"ढिम्म नाहीये ही," सर म्हणाले. "हिला तो जायला हवाय."

असं काही मी लिहिलं नव्हतं. रविवार होता, आठवडाभर वाकून मान धरली होती, मला तासभर आडवं व्हायचं होतं. तेवढंच होतं ते. सात महिने मी त्याची वाक्यं उलटीपालटी करत होते आणि माझी एकदाही वाचली नव्हती.

पात्र सापडलं की सरांना हुरूप येतो. आता हिला त्याला थांबवणारं एकच वाक्य द्या, म्हणाले, सीन उभा राहील. सगळे सुचवायला लागले. जेवून जा. आज इथेच राहा. मास्तर मघापासून पानाकडेच बघत होते. ते म्हणाले, सहाची चुकली तर साडेसातची असते की, एवढं म्हणायला हिचं काय जात होतं? मी सगळी वाक्यं लिहून घेतली. कुठलंच फार लांब नव्हतं. शेवटी फक्त आभार मानायची मुभा असते, ते मी मानले.

आईने पान वाढलं आणि विचारलं.

"बोलला होता," मी म्हटलं. "सगळंच बोलला. बस चुकेल म्हणून मी त्याला घालवून दिला."

ती रडेल किंवा मला बोल लावेल असं मला वाटलं. दोन्हीला माझी ना नव्हती, मला काही होणार नव्हतंच. तिने हातातला डाव पातेल्यात ठेवला आणि खाली बसली.

"त्या मंगळवारी दुपारी मला फोन आला होता त्याचा," ती म्हणाली. "गॅसवर दूध होतं. मी म्हटलं, नंतर कर."

मी उठून तिच्यासाठी पान घेतलं.

"तुझ्याशी तरी धड बोलला असेल," आई म्हणाली, "एवढंच हवं होतं मला."