सुकटीचा वास लागलेली शब्दसूची

मायच्या शब्दसूचीला अजून सुकटीचा वास येतो. पावसाळा सरून आश्विनाचे धुतलेले ऊन मालवणच्या आमच्या अंगणात उतरले, की माझी आई, म्हणजे माय, दमटलेली पुस्तके वाळत घाली: बायबल, त्यावरची जाडजूड टीका, गालील सरोवराचा नकाशा आणि कोणता शब्द शास्त्रात कुठेकुठे आला ते सांगणारी ही शब्दसूची. एका वर्षी तिने ती सुकटीच्याच चटईवर पसरली आणि वास पानांत कायमचा मुरला. शेजारणी हसल्या. माय म्हणाली, "पयले शिष्य मासे मारणारेच. त्येंच्या हातांकय ह्योच वास आसतलो."

जाळी विणण्यात तिचा जन्म गेला. दुपारी हातातली बांबूची सुई थांबे आणि तीच पुस्तकात खूण म्हणून बसे. एक शब्द धरून ती संदेष्ट्यांकडून स्तोत्रांकडे, तिथून शुभवर्तमानाकडे जाई. एक गाठ ओढली की सगळे जाळे हलावे, तसे तिच्यासमोर शास्त्र हलत असे. भाविक मी पुष्कळ पाहिले, पण श्रद्धेला अभ्यासाची अशी अखंड शिस्त लावणारी बाई दुसरी पाहिली नाही. ती माझी आई होती याचा मला अभिमान आहे, उघड सांगते.

मग तिच्या दृष्टीचा मध्यच विझला. कडेचे माड दिसत, समोरचे अक्षर दिसेना. डॉक्टरांनी हात टेकले. अभ्यास गेला तर माय जगेल कशावर, या धास्तीने मी मोबाइलवर शास्त्र ऐकण्याची सोय करून दिली. तिने एक अध्याय मन लावून ऐकला.

"वाचता बरा," ती म्हणाली. "पण माका नुसता आयकूचा नाय गो, माका शोधूचा आसा."

तेव्हापासून रीतच पडली. मी शब्दसूचीतून ठिकाण वाचायचे, तिने बायबलच्या पानांच्या थरांवरून बोटे फिरवत ते काढायचे, आणि मग मी ओळ वाचायची. चार पाने मागेपुढे होत. मी मदतीला हात पुढे केला, की ती तो बाजूला सारी आणि पुन्हा चाचपू लागे. जागा सापडली की समुद्राच्या गाजेतूनही तिचा तृप्त हुंकार ऐकू येई. मावळत्या उन्हात तिचा चेहरा तेव्हा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा दिसे.

यंदा पुस्तके मी एकटीने वाळत घातली. शब्दसूचीत ‘जाळे’ हा शब्द काढला आणि सवयीने ठिकाण मोठ्याने वाचले. समोर कोणी नव्हते. मग डोळे मिटून मीच बायबलच्या पानांवर बोटे ठेवली. चार पानांनी चुकले, पुन्हा चाचपले. काळाने मायला नेले. तिचे शोधणे त्याला नेता आले नाही, ते अजून माझ्या बोटांत चालू आहे.