न दिसणाऱ्या रफूचा व्हिडिओ

सुनेनं खुर्ची हलवली. विचारलं नाही, सवरलं नाही. सकाळी सुईबाई चहाचा कप घेऊन खाली दुकानात उतरल्या तर खिडकीकडे तोंड करून बसणारी त्यांची खुर्ची आडवी फिरून भिंतीकडे बघत होती, रुसलेल्या पोरासारखी. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्यांनी घरातलं सगळं सामान इकडचं तिकडं केलं होतं, पण त्या खुर्चीला हात लावायची छाती कुणाची झाली नव्हती. आणि ही कालची आलेली.

"कुणी हलवली?"

"मी," सून म्हणाली. तिच्या एका हातात मोबाइल होता आणि ओठांत कपडे वाळत घालायचे चिमटे, त्यामुळे बोलणं दाताआडून येत होतं. "खिडकी समोर असली की व्हिडिओत तुम्ही काळ्या दिसता, आई."

"मी काळीच आहे. तुझ्या सासऱ्यांनी बघून केली होती."

सुनेनं चिमटे तोंडातून काढले, हसू आत ठेवलं आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरी चादर टांगायला लागली.

गल्लीत त्यांना सुईबाई म्हणत. रफू करतात म्हणून, असं त्यांचा मुलगा सांगे. गल्लीतले लोक दुसरंही कारण सांगत, पण हळू आवाजात. रफू म्हणजे काही ठिगळ नव्हे. कोटाला कसर लागली, सिगारेटचा चटका बसला, की त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून दोरे उसवून काढायचे आणि भोकावर असे विणायचे की इथं भोक होतं हे कापडालासुद्धा आठवू नये. सुईबाईंच्या हाताला तोड नव्हती. पण हल्ली माणसं भोक पडलं की कोट टाकतात आणि नवा आणतात. दुकानात गिऱ्हाइकापेक्षा धूळ जास्त यायला लागली. शेवटी मुलानं दूरच्या एका थंड गावी, कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात नोकरी बघितली. राहायला खोलीही मिळणार होती, दोघांपुरती. सोमवारपर्यंत होय की नाही ते सांगायचं होतं.

सुईबाईंनी "जाऊ नका" म्हटलं नव्हतं. जाणाऱ्याचा हात धरायचा नाही, असा त्यांचा बाणा. फक्त त्या दिवसापासून त्या जेवताना कुणाकडे बघत नव्हत्या.

मग अचानक संग्रहालयाचा निरोप आला. त्यांच्याकडे जुने लोकरी पडदे होते, भिंतभर मोठे, चौकटी-चौकटीचे, आणि कसरीनं चाळण केलेले. ते काम मिळालं तर दुकान वर्षानुवर्षं चाललं असतं आणि थंड गावाला 'नाही' असं कळवता आलं असतं. पण तिथल्या बाईंची अट होती. असा नाजूक माल हातात देण्याआधी आम्हाला हात दिसला पाहिजे. चौकटीच्या लोकरी कापडावर एक भोक, उघडं असल्यापासून बुजेपर्यंत, सगळं एका सलग व्हिडिओत. मध्ये कापाकापी नको, वरून काही लावणं नको, आणि दोरान् दोरा वेगळा दिसला पाहिजे.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" सुईबाई म्हणाल्या होत्या. "कापड इथं आहे, मी इथं आहे. या म्हणावं बघायला."

"त्या येऊ शकत नाहीत, आई," मुलगा म्हणाला होता. "म्हणून तर व्हिडिओ."

पहिला व्हिडिओ त्यानंच काढला. रफूवालीचा पोर तो. कापड उजेडावर धरूनच बघायचं, हे त्याच्या रक्तात. आईनं खिडकीसमोर कापड धरलं, हा तिच्या मागे उभा राहिला आणि खिडकीवरच मोबाइल रोखून मोकळा झाला. संग्रहालयाच्या बाईंचं उत्तर आलं: खिडकी छान आहे, हात मात्र काळ्या सावलीसारखा दिसतो. दुसऱ्या वेळी त्यानं लांबून झूम करून काढला, तर वीण चिखलासारखी एक झाली. तिसऱ्या वेळी त्याचा हात थरथरला आणि बघणाऱ्याला गाडी लागायची वेळ आली.

मग सुनेनं मोबाइल आपल्या हाती घेतला. तिचेही दोन प्रयत्न वाया गेले. एकात सगळं धुक्यात बुडालेलं. दुसऱ्यात कापड घटकेत निळसर, घटकेत पिवळसर. तेव्हापासून सुईबाईंच्या मनात पाल चुकचुकत होती. हिला जायचंच आहे. मुद्दाम बिघडवते. कोणत्या सुनेला आवडेल माझ्या हाताखाली राहायला? मला नसतं आवडलं.

आज शनिवार होता, आणि सून खोलीभर फिरत होती. तिनं ट्यूबलाइट बंद केली. "ट्यूबचा उजेड वेगळा आणि खिडकीचा वेगळा, दोन्ही एकत्र आले की कापड रंग बदलतं." पंखा बंद केला, कारण कापडाची कड हलत होती. दोन उंच स्टुलांवर फळी टाकली, ती सुईबाईंच्या डाव्या खांद्याच्या वर येईल अशी, आणि त्या फळीवर दोऱ्यांच्या रिळांच्या दोन जड डब्यांमध्ये मोबाइल आडवा चेपून बसवला, खाली मांडीकडे बघणारा. हातात धरायचाच नाही, म्हणजे थरथरायचा प्रश्न नाही. मग काहीतरी आठवून तिनं तो परत काढला, पालथा केला आणि खिडकीशी तिरपा धरून बघत राहिली.

"काय सापडलं? सोनं?"

"मेण," सून म्हणाली.

सुईच्या नाकातून दोरा सरळ जावा म्हणून त्याचं टोक मेणाच्या वडीवरून फिरवायचं, ही या दुकानाची रीत. घरातल्या प्रत्येकाच्या बोटांना दिवसभर मेण. आणि त्याच बोटांनी प्रत्येक जण मोबाइल उचलत होता, नेमका कॅमेऱ्याच्या काचेवर अंगठा ठेवून.

"म्हणजे त्याला मोतीबिंदू झाला होता म्हणा की," मुलगा दारातून म्हणाला.

"तुझ्या डोक्याला झालाय," सुईबाई म्हणाल्या. पण त्यांनी गल्ल्याच्या खणातलं मलमलीचं फडकं काढलं, जे त्या फक्त स्वतःच्या चष्म्याला वापरत, आणि सुनेच्या दिशेनं टाकलं.

काच पुसून झाली. सुईबाई कुरकुरत आडव्या खुर्चीत बसल्या. उजेड आता उजव्या बाजूनं येत होता, आणि डावीकडून चादर त्यातला थोडा परत पाठवत होती. सुनेनं मोबाइलच्या पडद्यावर कापडाच्या जागी बोट दाबून धरलं. पिवळी चौकट आली आणि थांबली.

"हे कशाला?"

"तुमचा हात मध्ये आला की हा मोबाइल कापड सोडून हाताकडे बघायला लागतो, आणि उजेड कमीजास्त करतो. आता त्याची नजर बांधली."

सुईबाईंनी पडद्याकडे एक तिरका कटाक्ष टाकला. दोरे एकेक वेगळे दिसत होते, प्रत्येकाच्या कडेला बारीक सावली, नांगरलेल्या जमिनीसारखे. इतकं तर त्यांना चष्म्यातूनही दिसत नव्हतं.

चौकटीच्या कापडाचा दुकानातला शेवटचा तुकडा मांडीवर घेतला, आणि हात चालू लागला. उभे दोरे आधी. मग आडवे, एक वर, एक खाली. तांबडी रेघ तांबड्याला, हिरवी हिरव्याला. सून श्वास धरून भिंतीला टेकून उभी. भोक बुजत आलं. शेवटची रेघ राहिली, तीही निम्मी गेली.

आणि मोबाइल वाजला.

नुसता वाजला नाही, पडद्यावर नाव आलं आणि व्हिडिओ तिथंच तुटला. मोबाइल मुलाचा होता. थंड गावच्या कारखान्याचे साहेब बोलत होते. मुलगा तो घेऊन बाहेर गेला, आणि दारातून त्याचं "हो साहेब, सोमवारी नक्की, हो" आत येत राहिलं.

सुईबाईंनी सुई कापडात टोचून ठेवली.

"झालं तुझ्या मनासारखं?"

सून त्यांच्याकडे बघत राहिली. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा पडला.

"दुसरा तुकडा," ती एवढंच म्हणाली.

"दुसरा तुकडा नाही. पाच वेळा चाचपडताना सगळे संपले. गिऱ्हाइकांचे दोन कोट आहेत आत, पण त्यांना कात्री लावणारी मी नव्हे. उन्हं तासाभरात खिडकीवरून उतरतील. राहू दे आता. जा, सामान बांध."

सून जिना चढून वर गेली. सुईबाईंना वाटलं, रडायला गेली. नाहीतर खरंच बांधायला. पण ती लगेच खाली आली, आणि तिच्या हातात तिचा नवा कोट होता. जाड लोकरीचा, चौकटीचा. थंड गावात लागेल म्हणून नवऱ्यानं आणलेला. अजून एकदाही अंगावर न चढवलेला. दुकानाचं लेबल गळ्याशी तसंच लोंबत होतं.

"हे काय?"

सुनेनं टेबलावरची कात्री उचलली, कोटाची पुढची बाजू चिमटीत धरली आणि कापली. अगदी छातीवर, दिसेल तिथं. बोट जाईल एवढं भोक. मग कोट सासूच्या मांडीवर ठेवला.

"तिकडे गेलो नाही तर हा कशाला लागणार आहे मला?" ती म्हणाली.

सुईबाई भोकाकडे बघत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी लोकांची भोकं बुजवली होती. कुणी त्यांच्यासाठी म्हणून पाडलेलं हे पहिलंच.

"निदान शिवणीजवळ तरी पाडायचं," त्या अखेर म्हणाल्या. "मोबाइल आण. आणि त्या साहेबांचं तोंड बंद कर आधी."

सुनेनं मोबाइलवर विमानाचं चित्र दाबलं. आता कुणाचाही फोन येणार नव्हता. पुन्हा फळी, पुन्हा डबे, पुन्हा पिवळी चौकट. यावेळी तिनं चार्जरची वायरही लावून ठेवली. सुईबाईंनी आतली शिवण उसवली, दोरे काढले, मेणावरून फिरवले, आणि सुरू केलं.

काम करताना त्या गप्प बसू शकत नसत, ही गोष्ट मात्र गडबडीत सगळे विसरले. हात चालू झाला की तोंडही चालू. कापडाशी, सुईशी, जगाशी. सुनेला मध्ये बोलता येईना, कारण मग तिचाही आवाज आला असता. ती नुसती हात हलवत राहिली. सुईबाईंचं लक्ष कोटावर होतं.

रेघ रेघेला मिळाली. शेवटचा दोरा उलट्या बाजूनं आत गेला. सुईबाईंनी तळहातानं जागा दाबली, कोट झटकला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. खिडकीवरून ऊन त्याच वेळी उतरलं.

पुन्हा काढायला ना ऊन उरलं होतं ना कापड, म्हणून व्हिडिओ तसाच पाठवला. त्यानंतर तिघांनी बसून तो पाहिला, आणि आवाज किती नीट आलाय ते तेव्हा कळलं. स्वच्छ, शब्दान् शब्द.

"नवाकोरा कोट फाडला, बघा. डोकं आहे का ठिकाणावर. ओढू नको गं बाई, दोरा ओढला की कापड तोंड वाकडं करतं… आणि हे संग्रहालयवाले. फाटेपर्यंत बघायचं नाही, फाटलं की काचेत ठेवायचं, आणि वर आम्हाला म्हणायचं हात दाखवा. अरे, तुमचे हात कुठं होते कसर लागताना?"

मुलानं डोक्याला हात लावला. "आई."

"खोटं काय बोलले?"

"खोटं नाही गं. पण त्यांनाच पाठवलंय."

रविवारी घरात कुणी धड जेवलं नाही. सुईबाईंनी नसलेली धूळ झटकली. सून चादर धुऊन वाळत घालून आली. बॅग कपाटावरून खाली काढलेली होती, पण तिच्यात कुणी काही टाकत नव्हतं.

सोमवारी सकाळी संग्रहालयाच्या बाईंचा बोललेला निरोप आला. मुलानं तो मोठ्या आवाजात लावला. व्हिडिओ अगदी हवा तसा आहे, त्या म्हणत होत्या. शेवटचा भाग पुन्हा पुन्हा थांबवून बघितला, भोकाची जागा सापडत नाही. पहिला पडदा याच आठवड्यात पाठवतो. आणि हो, मागचा आवाजही ऐकला. आमच्या साहेबांनाही ऐकवला. ते म्हणाले, बाई खरं बोलतात.

मुलगा होता तिथं जमिनीवर बसला आणि हसायला लागला, ओझं उतरलेल्या हमालासारखा, पाय पसरून. मग उठून बाहेर गेला आणि कारखान्याच्या साहेबांना नाही म्हणून कळवलं. "माफ करा साहेब" म्हणतानाही त्याचा आवाज खुशीत होता. सुईबाई उठून मागच्या नळावर गेल्या. तोंड धुवायला, असं त्यांनी सांगितलं. बराच वेळ पाणी वाहत होतं.

परत आल्या तेव्हा सून कोट उजेडाकडे धरून बघत होती. छातीवरून बोट फिरवत होती, इथं की तिथं. तिला जागा सापडेना.

सुईबाई आपल्या आडव्या खुर्चीत बसल्या. खुर्ची परत फिरवली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, मलमलीच्या फडक्यानं पुसला, घातला.

"इकडे ये. उभी राहा समोर."

सून कोट घेऊन समोर उभी राहिली.

"खुर्ची हलवताना मला विचारलं नाहीस, हे चुकलं. कोट कापताना विचारलं नाहीस, तेही चुकलं. विचारलं असतंस तर दोन्ही वेळा मी नाही म्हटलं असतं, आणि आज तू बॅग भरत असतीस. तेव्हा यापुढंही विचारू नकोस. मी ओरडेन. ते ऐकून घ्यायचं, आणि हलवायचं ते हलवायचं."