पेरांवरची माती

"हात दाखव," एमिलकाका म्हणाला.

मी डावा पुढे केला.

"टेकतोस तो दाखव, गाढवा."

उजवा दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर ढकलला आणि माझ्या चार पेरांवरची माती बघितली. मग शेजारच्या गसची. सराव संपला की रोज पाचही जणांचे हात बघायचा. गस म्हणायचा, "काका, लग्नाचा योग दिसतोय का?" काका म्हणायचा, "तुझा नाही. तू जेवायचं थांबवलंस तर बघू."

शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये आम्ही पाच जण म्हणजे लाइन, आणि काका आमचा कोच. आमच्या हातात चेंडू कधी येत नाही. मागे पास फेकणारा क्वार्टरबॅक असतो, त्याला कुणी चिरडू नये म्हणून आम्ही. डाव सुरू व्हायच्या आधी वाकून एक हात जमिनीला टेकायचा. चेंडू घेऊन पळायचं असेल तर आम्हाला पुढे ढकलायचं असतं, म्हणून वजन हातावर येतं. पास फेकायचा असेल तर मागे सरकायचं असतं, हात हलका पडतो. समोरच्यानं तेवढं ताडलं की संपलं.

"वजन दर वेळी तेवढंच," काका सांगायचा. "आपला बेत बोटांनी बोंबलून सांगायचा नाही. माती चारही पेरांवर सारखी दिसली पाहिजे."

ओहायो नदीकाठच्या पाइपच्या कारखान्यात तो होता. कारखाना बंद पडला. शाळेच्या लाइनला शिकवणं तेवढं राहिलं, सत्तावीस वर्षं. मॅचची फिल्म लावून बसायचा, हातात पेन्सिल. प्रत्येक डावाला पाच जणांपुढे पाच खुणा. अधिक नाहीतर उणे. मधलं काही नाही. चेंडू कुठे गेला ते त्याला विचारून उपयोग नसायचा, तिकडे तो बघायचाच नाही. डोलोरेसकाकू म्हणायची, "जिंकलो का हरलो ते मला रेडिओवर कळतं. ह्याला विचारलं तर म्हणतो, लाइनच्या डाव्या टोकाच्या टॅकलचा पाय आखूड पडला."

त्या वर्षी स्टाउफर सर मुख्य कोच म्हणून आले. काकाच्या निम्म्या वयाचे. आमचे गुण कुठलीतरी कंपनी काढून त्यांच्या लॅपटॉपवर पाठवायची. ऑगस्टमध्येच ते आमच्यादेखत म्हणाले, "एमिल, या वर्षी लाइन सुधारली नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बघा," काका म्हणाला. मग खाली बसून चष्म्याची एकच काच बराच वेळ पुसत राहिला.

शेवटची मॅच नोव्हेंबरात, शनिवारी दुपारी. जिंकलो तर पुढे, नाहीतर सीझन खलास. माझ्यासमोर त्यांचा सत्त्याहत्तर नंबर होता. दर डावाला माझ्या आईवरून काहीतरी बोलायचा. मध्यंतरात माझं डोकं फिरलं आणि मी लॉकरच्या दारावर गुद्दा घातला. उजव्या हाताचा. दाराला काही झालं नाही.

"हाताला काय झालं?" काकानं विचारलं.

"काही नाही."

त्यानं हाताकडे बघितलं. मी हातमोजा चढवला.

पळायच्या डावात दात खाऊन वजन टाकत होतो. पण पास असला की हात आपोआप हलका पडायचा. मला कळत होतं. वाटलं, कुणाला दिसतंय.

शेवटचं मिनिट. तीन गुणांनी मागे, गोल अठरा यार्डांवर. पासचा डाव. मी वाकलो. सत्त्याहत्तरनं माझ्या हाताकडे बघितलं आणि हसला.

"पास ना रे?" हळूच म्हणाला.

चेंडू हलला तसा तो माझ्या बाजूनं निघून गेलासुद्धा. मी वळेपर्यंत आमचा क्वार्टरबॅक खाली आणि चेंडू त्यांच्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म. खोलीत सगळे होते. सरांनी तो डाव आल्यावर दिवा लावला. "हे कुणामुळे झालं?"

रिमोट काकाच्या हातात होता. तो कुठलाही डाव तीनदा बघायचा. एकदा पाय, एकदा हात, एकदा डोकं. सत्तावीस वर्षांत दोनदा बघून सोडला नसेल. त्यानं मागे घेतला, एकदा चालवला, माझे पाय दिसले. पुन्हा मागे घेतला. मी वाकलेला, हात जमिनीवर, तिथेच चित्र थांबलं. तो बघत होता. गसनं घसा खाकरला.

काकानं पडदा बंद केला.

"माझ्यामुळे," तो म्हणाला. "मध्यंतरात मीच त्याला पाय बदलायला सांगितलं. चुकीचं सांगितलं."

"तुम्ही?" सर म्हणाले.

"मी."

समोरच्या खुर्चीच्या पाठीवर कुणीतरी नाव कोरलं होतं, ते वाचत बसलो.

सोमवारी काकाची शिट्टी सामानाच्या खोलीत खिळ्याला लटकत होती. तो नव्हता.

शाळेचं आणि माझं आधीच जमत नव्हतं. जानेवारीत सोडली. आता टायरच्या दुकानात असतो.

सप्टेंबरात एक जुना ट्रक आला, मागचं चाक बसलेलं. काका उतरला. वाळला होता.

"तू इथे होय," म्हणाला.

"खिळा आहे. दहा मिनिटं लागतील."

मी गुडघ्यावर बसून नट सैल केले. तो मागे उभा. चाक निघालं, तसं न वळताच विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं ना? माझा हात."

ट्रकचं दार उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्याकडे रबर लावलेला कागदांचा गठ्ठा होता. शोधून एक काढला. पेन्सिलीनं लिहिलेला. डाव अठ्ठावन्न, उजवा गार्ड, म्हणजे मी, उणे. पुढे बारीक अक्षरात, 'हात'.

"सरांना तोंडी सांगितलं, ते तोंडी," तो म्हणाला. "कागदावर खोटं लिहिलेलं नाही."

"बाकीचे?"

"अठ्ठावन्नपैकी त्रेपन्न अधिक."

"म्हणजे अजून चार उणे?"

"पाय. आखूड टाकतोस. फुगू नकोस."

गठ्ठ्यात सगळ्यात वरचा कागद शाळेच्या मागच्या शुक्रवारच्या मॅचचा होता. पाच नवी नावं, त्यांच्यापुढे खुणा.

"हे कुठून बघता?"

"गोलच्या मागच्या पायऱ्यांवर बसलं की लाइन नीट दिसते. तिथे कुणी बसत नाही."

"मग कागद कुणाला देता?"

"मागतंय कोण?"

चाक बसवून दिलं. गाडीत चढायच्या आधी तो थांबला आणि माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मी पुढे केला. त्यानं चष्मा कपाळावर ढकलला. चारही पेरं काळी होती, सारखीच.

त्यानं मान हलवली. माझा कागद गठ्ठ्यात जिथला होता तिथेच परत घातला, रबराचे दोन वेढे दिले आणि गठ्ठा शेजारच्या सीटवर ठेवला.