शेपटीवाला ‘स’

“पुन्हा म्हणा, मावशी.”

मिन्निसामावशींनी नवी कवळी घातलेलं तोंड उघडलं. “अफ्... अस्... शी! मेलं नावच निघत नाही. शुक्रवारी पणतीचं बारसं, तिच्या कानात तीनदा नाव सांगायचंय. घरात सगळ्यांत वडील मीच उरलेय. कानात काय नुसती फुसफुस सोडू?”

लुकियान ओशाळला. रशियातल्या बश्कीर मुलखात, बेलेबेय गावी, तीस वर्षं तो कवळ्या बनवत होता आणि ज्याच्या-त्याच्याकडून ‘स’-‘श’नी भरलेले रशियन आकडे म्हणवून त्या तपासत होता. मावशींनीही साठ ते सत्तर खणखणीत मोजले होते. पण पणतीचं नाव अथिलबिका. त्यातलं ‘थ’चं अक्षर म्हणजे रशियन ‘स’ला खाली शेपटी. बश्कीर माणसं ते जिभेचं टोक दातांत धरून, श्वासावर म्हणतात. रशियन आकड्यांत तो आवाजच नाही. पुढच्या दातांमागे जिभेला जागा ठेवायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

तो कानस घेऊन बसला.

“तू चुवाश ना रे? तुमच्या भाषेतही आहे की हे अक्षर.”

“आहे. आम्ही त्याचा मऊ ‘श’ करतो.”

“म्हणजे शेपटी तीच, मांजर वेगळं! एखादा शब्द म्हण बघू.”

“शिर्ला,” कानस थांबवून तो म्हणाला. “रानातली स्ट्रॉबेरी. आई मला त्याच नावाने हाक मारायची.”

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. बायको रशियन, मुलगी दूर कझानला. तेव्हापासून तो शब्द घरात कुणी उच्चारलाच नव्हता. चारचौघांत सांगावं असं ते दुःख नव्हतं, पण त्याला फार लागायचं.

मावशींनी कवळी बसवली, जीभ दातांत धरली. “अथिलबिका.” स्वच्छ. त्यांचे डोळे भरून आले. मग डोक्याला रुमाल बांधता बांधता त्या थांबल्या.

“इकडे कान कर.”

“मावशी, बाहेर लोक खोळंबलेत.”

“खोळंबू देत. तुझ्या घरात वडीलधारं कुणी आहे का? मग कोण सांगणार?”

प्लास्टरने माखलेले हात मागे धरून लुकियान वाकला. पहिल्यांदा सवयीने त्यांची जीभ दातांत गेली. दुसऱ्यांदा जरा सुधारलं. तिसऱ्यांदा आईच दारातून हाक मारत होती. “शिर्ला.”

“हं,” त्याने ओ दिली.

मावशी गेल्या. पुढचे म्हातारबाबा खुर्चीत बसले आणि कवळी बसताच शिरस्त्याप्रमाणे साठापासून मोजू लागले.

“आकडे राहू द्या, बाबा,” लुकियान नळाखाली हात धूत म्हणाला. “घरी तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे, ते म्हणा.”