पाठीमागून जाणारी गाडी

पट्ट्याला अजून खोक्याचाच वास होता, नव्या रबराचा. बोट फिरवलं की आतल्या बारीक खाचा लागत होत्या. इंजिनाने हा पट्टा ओढायचा, पट्ट्याने सुपरचार्जर फिरवायचा, सुपरचार्जरने बाहेरची हवा इंजिनात कोंबायची... एवढंच. किती वर्षं तो बायकोला हे समजावत आला होता, आणि ती म्हणायची, गाडीला दम लागला म्हणून कुणी तिच्या नाकात पंप घालतं का.

शर्यतीत वळणांवर तो कुणाला हार जात नसे. पण ट्रॅकच्या सरळ भागात मागचे सगळे त्याला टाकून पुढे निघून जात. तिथे जोर हवा होता. तिची हरकत वेगाला नव्हती. शेवटच्या वळणापाशी खुर्ची टाकून, ट्रॅककडे पाठ करून ती विणत बसायची — बघवत नाही, ऐकवतं, म्हणायची — आणि त्याची गाडी मागून गेली की मान न वळवता हात वर करायची. कधी चुकली नाही. हे यंत्र बसवलंस की आवाज बदलणार, मग मी तुला ओळखू कशी? ती असं म्हणाली की सुपरचार्जर पुढच्या वर्षावर जायचा. आता नको म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. खोकं मागवताना आपल्याला काहीच वाटलं नाही, याचंच त्याला नंतर वाईट वाटलं होतं.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि परत बंद केलं. तिनेच विणून दिलेला, तेलाने काळा पडलेला स्वेटर अंगात घालूनच तो अजून काम करायचा. इंजिन खोलण्याआधी गाडी एकदा फिरवून आणायची ही त्याची जुनी रीत. नंतर काही वेगळं वाजलं तर आधीचं कानात हवं. त्याने किल्ली मिस्त्रीपुढे धरली.

"तू जा. मी बाहेर थांबतो."

"तुझी गाडी मी चालवू? बरा आहेस ना?"

"मी कायम आतच असतो रे. हेल्मेट घालून. मी हिला कधी बाहेरून ऐकलंच नाही."

मिस्त्री किल्ली घेऊन गाडीत बसला.

तो फुटपाथवर, रस्त्याकडे पाठ करून, समोरच्या बंद शटरकडे बघत उभा राहिला. मागून गाड्या जात राहिल्या. ही नव्हे... ही पण नव्हे... मग एक आली, खोल, किंचित घोगरी. हात आपोआप वर गेला.

ब्रेक लागले. सामान पोचवणारा टेम्पो होता. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "काका, कुठं सोडू?"

त्याची गाडी केव्हाच गॅरेजच्या दारात येऊन उभी होती. मिस्त्री तिला टेकून उभा होता. "तुझ्या मागून दोनदा गेलो. तू हात करतोस टेम्पोला."

तो हसला. हसू लगेच ओसरलं. आवाज जाईल, ही भीती सकाळपासून होती... आणि तो आवाज त्याच्याजवळ कधी नव्हताच. तो तिच्याजवळ होता. ती गेली तेव्हाच गेला, आणि त्याला पत्ताही लागला नाही.

"खोलू का मग?" मिस्त्रीने हळूच विचारलं.

"परत एकदा जाऊन ये."

त्याने पुन्हा पाठ केली. या वेळी हात खिशात. ओळखायची घाई नव्हती. एकेक गाडी मागून जात होती, आणि प्रत्येकीत कुणीतरी बसलेलं होतं, कुणाला तरी ओळखू येणारं... किंवा कुणालाच न येणारं.