उतरत गेलेला आवाज

मुरुमच्या मठात दर सोमवारी भजन म्हणणारी भुवनेश्वरी आपला आवाज वर-खाली कुठवर जातो ते बघायला शांतलिंग गुरुजींकडे गेली. थोरली बहीण उमादेवी काळी पाच या चढ्या पट्टीत गायची, म्हणून हीसुद्धा वर्षानुवर्षं तिच्यामागं तसाच गळा ताणत आली होती.

गुरुजींनी पेटीवर सा धरला आणि एकेक सूर खाली नेला. खालच्या पंचमापर्यंत तिचा आवाज भरदार, निवांत गेला.

"तुझं घर खाली हाय की गं," ते हसले. "आता वर जाऊ."

वरच्या रिषभावर आवाज चिरकला. पुन्हा लावला, तर नुसती हवा आली.

"दिवाळीत वरचा मध्यम लागत हुता तुझा. म्या मठात ऐकलाय."

"व्हय. संक्रांतीला एक सूर खाली, गंधारावर आले."

गुरुजींचं हसू मावळलं. "मुळातच खालचा असलेला आवाज असा पायरी-पायरीनं उतरत न्हाय, पोरी. गिळताना काय हुतंय का?"

"टोचतंय. सकाळी घसाबी बसलेला असतो."

त्यांनी पेटीचा भाता बंद केला. "उद्याच सोलापूरला दाखव. तोवर एक सूरबी लावू नको."

घरी तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. संध्याकाळी मठात उमादेवीनं पेटीवर काळी पाच धरली आणि मानेनं तिला खूण केली.

"ताई, पट्टी उतरव," असं भुवनेश्वरी म्हणायला गेली. ओठ हलले, पण गळ्यातून नुसती हवा आली. बहीण सूर शोधतेय असं वाटून उमादेवी हसत भाता ओढत राहिली.