कांडीमागचा आवाज

"हात खिशातून काढा," वत्सलाबाई म्हणाल्या. "खिशात हात ठेवून वाद्य कसं बघणार तुम्ही?"

रंगनाथने आधी बायकोकडे पाहिलं. सिंधूने नजर चुकवली. शरणपूरच्या या बाईंचा पत्ता तिनंच शोधून काढला होता, आणि त्यांना आधी काय काय सांगून ठेवलंय ते त्याला माहीत नव्हतं. त्याने सावकाश डावा हात बाहेर काढला. अनामिका आणि करंगळी मुळापासून नव्हत्या.

शहाण्णवच्या दिवाळीआधी, कॅलेंडरांची घाई चालू असताना, छापखान्यातल्या कटिंग मशीनखाली ती बोटं गेली. त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. छापखाना खासगी होता, नाशिक रोडच्या एका गल्लीतला. मालकाने दवाखान्याचा खर्च केला आणि रंगनाथला बाइंडिंगच्या टेबलावर बसवलं. नोकरी टिकली, मेंडोलिन गेलं. वीस वर्षं तो ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवत आला होता. लग्नं, गणपती, घोटीपासून सिन्नरपर्यंतच्या जत्रा. तसा तो पहिल्यापासून अबोलच, पण मेंडोलिन बंद झाल्यावर घरात त्याचा आवाज उरलाच नाही. ताट वाढलं की जेवायचा. शेजारच्यांच्या रेडिओवर गाणं लागलं की उठून गॅलरीत जाऊन उभा राहायचा, आणि तिथंही ते ऐकू येतंच, हे कळल्यावर खाली रस्त्यावर जायचा.

सिंधू एका प्रसूतिगृहात आया होती. तिथल्या एका सिस्टरने तिला सांगितलं होतं की आडवी ठेवून वाजवायची एक गिटार असते. तारा बोटांनी दाबायच्या नसतात, डाव्या हातात स्टीलची कांडी धरून ती तारांवरून फिरवायची. ती म्हणाली, आमच्या चर्चमधल्या सॅम्युएलकाकांकडे तशा दोन होत्या, काका मागच्या वर्षी गेले, काकू विकायच्या म्हणतायत.

वत्सलाबाईंनी दोन्हींवरच्या चादरी काढल्या. एक साधी होती, पाटासारखी, आठ तारांची, चार पायांवर उभी. कलकत्त्याहून आणलेली. दुसरी लांबरुंद, काळी, खाली तीन पेडलं आणि त्यांच्यापासून वर गेलेल्या बारीक सळया. सॅम्युएल मुंबईला गोदीत होते तेव्हा एका खलाशाकडून त्यांनी ती घेतली होती.

"साधीवर बसा आधी," वत्सलाबाई म्हणाल्या.

रंगनाथ बसला. त्यांनी कांडी त्याच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नीट बसवली, उजव्या हाताच्या बोटांत तारा छेडायच्या नख्या चढवल्या आणि छोटा अॅम्प्लिफायर सुरू केला. त्याने तार छेडली. कांडी सरकवली. सूर लांबला, वर चढला, पण त्याच्याबरोबर आणखी काहीतरी आलं. पत्र्यावर खिळा घासल्यासारखी एक खरखर, कांडी जिकडे जाईल तिकडे तिच्या मागोमाग.

"हे काय वाजतंय?" सिंधूने विचारलं.

वत्सलाबाई त्याच्या बाजूला वाकल्या. मग त्यांनी आपला स्वतःचा हात तारांवर आडवा ठेवून दाखवला. "कांडीच्या मागची तारही हलते ना. तिचा आवाज बंद करायला ही मागची दोन बोटं तारांवर टेकवायची असतात."

त्यांनी टेकवलेली दोन बोटं म्हणजे अनामिका आणि करंगळी. रंगनाथने कांडी खाली ठेवली.

"उठू नका," त्या म्हणाल्या. "इकडे या. या मोठीवर पण थोडी खरखर येईल, पण हिच्यात कांडी सरळ धरली तरी भागतं. साधीवर स्वरांच्या जोड्या मिळवायला कांडी तिरकी करावी लागते, तीन बोटांत ती निसटेल. इथं ते काम पाय करतो."

तो नाइलाजाने उठला आणि मोठीपुढे बसला. त्याने तीन तारा एकदम छेडल्या आणि डावा पाय पेडलवर दाबला. दोन तारा जागच्या जागी वर सरकल्या, तिसरी तिथंच राहिली. हात न हलवता सूर वाकला, रडवेला झाला आणि पाय उचलताच परत आला. रंगनाथने तेच पुन्हा केलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी त्याने एका जुन्या भजनाची ओळ धरली, चुकत, थांबत. सिंधू त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. दीड वर्षात तिने तो चेहरा पाहिला नव्हता.

"केवढ्याला?" तिने विचारलं.

"ही पंधरा हजार. साधी चारला देईन, अॅम्प्लिफायरसकट."

सिंधूच्या पर्समध्ये पाच होते. "बाई, आम्ही थोडे थोडे करून..."

"साधी द्या," रंगनाथ म्हणाला. तो उठून उभा होता आणि हात परत खिशात गेला होता.

"चुकीची घेताय तुम्ही," वत्सलाबाई म्हणाल्या. "माझ्या दोन्ही विकायच्याच आहेत, मला खोटं बोलायचं काही कारण नाही."

"आम्हाला झेपेल ती घेतो."

रिक्षात गिटार दोघांच्या मांड्यांवर आडवी होती. रिक्षाने द्वारका चौक ओलांडला.

"मी डबल ड्युटी केली असती," सिंधू म्हणाली. "सहा-सात महिन्यांत फिटले असते. त्या थांबल्या असत्या."

"मला उधारीवर वाजवायचं नाही."

"ती वाजवताना तुम्हाला बघितलं मी."

"सिंधू, पुरे."

तीन महिने तो वाजवत राहिला. कामावरून आला की हात-पाय धुवून बसायचा. बोलायला लागला थोडंफार. तार बदलायला हवी, शेगडीचा आवाज कमी कर, असं. सिंधूला तेवढंही पुष्कळ वाटायचं. पण खरखर गेली नाही. त्याने कांडीमागे फडक्याची घडी दोऱ्याने बांधून पाहिली, ती सरकताना अडकायची. तळहाताची कडा टेकवून पाहिली, तर कांडी वाकडी व्हायची आणि सूर उतरायचा. त्याच मजल्यावरच्या लताबाई एकदा दारात येऊन सिंधूला म्हणाल्या, "भावजी वाजवतात ते छान हाय हो, पण मशीन बिघडलीय का त्यांची?" आत गिटार बंद झाली. सिंधू म्हणाली, "हो, थोडी बिघडलीय."

मेच्या शेवटी तो गिटार घेऊन सुनीलकडे गेला. ऑर्केस्ट्रा आता सुनीलचा. रंगनाथ मेंडोलिन वाजवायचा तेव्हा हा सुनील खुर्च्या मांडायचा. सिंधूही बरोबर गेली, कारण गिटार एकट्याला उचलवत नव्हती. सुनीलने पाया पडून दोघांना बसवलं, चहा मागवला आणि पूर्ण गाणं ऐकून घेतलं. मधे उठला नाही. झाल्यावर कप खाली ठेवला.

"दादा, तुमच्या हातातला सूर तसाच आहे."

"पण?"

"पण आता कीबोर्डवर सगळंच येतं. ही गिटार पण येते, एका बटणावर." तो ओशाळला. "आणि मागून जे वाजतंय ना, ते माइकमध्ये मोठं होईल. कुणी हसलं तर मला सहन होणार नाही, दादा. तुम्ही नुसते या ना कार्यक्रमाला. पुढे बसा."

"येईन," रंगनाथ म्हणाला.

त्यानंतर आठ दिवस गिटारवर चादर होती. तो पुन्हा खाली रस्त्यावर जाऊ लागला.

नवव्या दिवशी सिंधूची सकाळपाळी होती. सुटल्यावर ती घरी न येता सिटी बसने शरणपूरला गेली. बसमध्ये ती काय बोलायचं ते जुळवत होती. साधी परत घ्या, चार त्यात धरा, उरलेल्यासाठी मी महिन्याला इतके देईन, नाहीतर तुमच्या घरचं काम करीन. वत्सलाबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्यामागून तिला खोलीतली मोठी गिटार होती ती भिंत दिसली. भिंतीशी टेबल होतं, त्यावर शिवणाचे कपडे.

"पंधरा दिवस झाले," वत्सलाबाई म्हणाल्या. "मुंबईहून एक जण आला, वाजवून न बघताच घेऊन गेला. हॉटेलात शोभेला ठेवायचीय म्हणाला." त्यांनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. "मी तुमची वाट बघितली, सिंधुबाई. पण घर सोडायची तारीख जवळ आली. मुलगा पुण्याला नेतोय मला."

सिंधू पाणी प्यायली आणि निघाली.

घरी आली तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. रंगनाथची सुट्टी होती. तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता.

"उशीर झाला?"

खोटं सांगायचं तिने ठरवलं होतं. पण सांगवेना. "शरणपूरला गेले होते. ती मोठी विकली गेली."

त्याने गिटारवरच्या चादरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं."

"बरं काय झालं त्यात?"

"आता तिचा विचार करायला नको." त्याने डावा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिला. "पैशाचं कारण नव्हतं, सिंधू. तुला वाटलं असेल. तिच्यावर मला येणार होतं ते कळलं मला तिथंच. पण समजा, एवढी महागाची घेतली, तू राबून पैसे फेडलेस, आणि तरी नाही आलं, तर मग बोट कुणाकडे दाखवायचं? ही स्वस्तातली होती. नाही आलं तर दोष गिटारीचा."

सिंधूला राग आला, आणि तो कुणावर ते तिला कळेना. सुनीलपुढे मांडीवर पर्स घट्ट धरून ती बसली होती ते तिला आठवलं. पंधरा दिवसांनी हुकलं. ती उठली, साडीचा पदर खोचला, गिटारवरची चादर काढून घडी केली.

"बसा."

"कशाला आता?"

"मी चार पैसे दिलेत त्याचे? चार हजार दिलेत. बसा म्हणते ना."

तो बसला. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या डाव्या बाजूला, अगदी लागून बसली. त्याने कांडी ठेवून तार छेडली, सवयीने. खरखर आली. सिंधूने आपला हात त्याच्या हातामागे नेला आणि वत्सलाबाईंनी दाखवली होती तशी दोन बोटं तारांवर टेकवली. बाळांना धुऊन, फिनेलच्या पाण्यात राहून त्या बोटांची कातडी जाड झाली होती. तारा कापतात का हे बघायला ती जरा थांबली.

"जास्त दाबू नकोस," रंगनाथ म्हणाला. "नुसती टेकव."

त्याने पुन्हा छेडलं. सूर एकटाच आला.

दोघंही हलले नाहीत. मग त्याने कांडी पुढे सरकवली. सिंधूला ते वेळेवर कळलं नाही, तिची बोटं मागे राहिली आणि खरखर परत उठली. ती "थांबा" म्हणाली नाही. त्यानेच कांडी उचलली, मागे आणली आणि तीच ओळ पुन्हा सुरू केली, आधीपेक्षा अर्ध्या गतीने. प्रत्येक सुरावर पोचला की तो तिची बोटं येईपर्यंत थांबत होता.